बाणाच्या कळांनी ओळ बदलली तरी तपशील जुनाच का दिसतो?

तुमची अडचण मला समजली ती अशी: पायक्यूटीमधल्या (पायथॉनमध्ये खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी) क्यूलिस्टविजेटमध्ये, म्हणजे ओळींच्या यादीत, माऊसने क्लिक केलं की उजव्या बाजूला तपशील बदलतो. पण बाणाच्या कळांनी खालीवर गेलं की निळी पट्टी सरकते, तपशील मात्र हलत नाही. म्हणून तुम्ही कीप्रेसइव्हेंट (कळ दाबली की चालणारं फंक्शन) लिहिला, तर आता एक ओळ मागचा तपशील दिसतो.

आधी हे 'एक ओळ मागे' प्रकरण. कळ दाबली जाते तेव्हा निवड अजून बदललेली नसते. मूळ क्लासचा कीप्रेसइव्हेंट चालतो तेव्हा ती बदलते, आणि तुम्ही त्याच्या आधीच करंटरो (सध्याच्या ओळीचा क्रमांक) वाचताय. सुपरची, म्हणजे मूळ क्लासला बोलावणारी, ओळ वर घेतलीत तर चालेल, पण तो कोड मी तरी ठेवणार नाही. मी एकदा असाच वर, खाली, होम, एंड, पेज अप, पेज डाउन अशा सगळ्या कळा मोजून बसलो होतो. मग कुणीतरी यादीत नुसतं 'क' टाइप केलं, पट्टी 'क'ने सुरू होणाऱ्या ओळीवर उडाली आणि माझा तपशील होता तिथेच!

कळ कोणती दाबली याच्याशी तुम्हाला देणंघेणंच नाही. निवड बदलली एवढंच हवंय. आयटमक्लिक्ड हा सिग्नल (काहीतरी घडल्याची सूचना) फक्त माऊसचा. तो काढा आणि करंटआयटमचेंज्ड जोडा. माऊस, कीबोर्ड, कोडमधून केलेलं सेटकरंटरो, सगळं त्यात येतं. स्लॉटला, म्हणजे सिग्नलला जोडलेल्या फंक्शनला, दोन गोष्टी मिळतात: नवा आयटम आणि आधीचा.

यादी रिकामी करताना, म्हणजे क्लिअर म्हटल्यावर, हाच सिग्नल नवा आयटम म्हणून नन (पायथॉनमधलं 'काहीच नाही') घेऊन येतो, आणि त्यावर टेक्स्ट मागितलंत की अ‍ॅट्रिब्यूटएरर. स्लॉटच्या पहिल्याच ओळीत नन तपासा. करंटरोचेंज्ड वापरलात तर तिथे उणे १ येतो. यादी पुन्हा भरताना मधले सिग्नल नकोच असतील तर भरण्याआधी ब्लॉकसिग्नल्स ट्रू करा, नंतर फॉल्स. हा फॉल्स विसरला की अख्खी दुपार जाते.

एकाहून जास्त ओळी निवडू देत असाल तर गोष्ट वेगळी. 'करंट' आणि 'सिलेक्टेड' एकच नव्हेत. एक्स्टेंडेड सिलेक्शनमध्ये कंट्रोल दाबून खालचा बाण दाबून बघा: ठिपक्यांची चौकट पुढे जाते, निळी पट्टी जागेवरच. करंट बदलला, निवड नाही. तिथे आयटमसिलेक्शनचेंज्ड घ्या आणि स्लॉटमध्ये करंटरो न वाचता सिलेक्टेडआयटम्स वाचा.

तुमचा तपशील डेटाबेसमधून येतो असं लिहिलंय. मग बाण दाबून धरल्यावर प्रत्येक ओळीला एक क्वेरी जाईल आणि पट्टी अडखळत चालेल. सिंगलशॉट, म्हणजे एकदाच वाजणारा, क्यूटायमर ठेवा, १५० मिलिसेकंदांचा, आणि सिग्नल आला की फक्त त्याचा स्टार्ट बोलवा. टायमर चालू असेल तर तो पुन्हा पहिल्यापासून मोजतो, त्यामुळे क्वेरी बोट थांबल्यावरच जाते.

पुढे क्यूटेबलव्ह्यूवर (तक्ता दाखवणारं विजेट) गेलात तर सिग्नल सिलेक्शनमॉडेलवर, म्हणजे निवडीची नोंद ठेवणाऱ्या ऑब्जेक्टवर, असतो, आणि सेटमॉडेल केलं की सिलेक्शनमॉडेल नवं येतं. म्हणून कनेक्ट नेहमी सेटमॉडेलच्या नंतर. आधी मॉडेलच नसेल आणि उलट केलंत तर सिलेक्शनमॉडेल नन असतं आणि अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो; जुन्या मॉडेलवर कनेक्ट करून मग नवं लावलंत तर एररसुद्धा येत नाही, नुसती शांतता.