विचारा गॅरेजवाल्याला: पाणंदीसाठी लॉक कोणता?

प्रश्न: मी भोर तालुक्यात पशुवैद्य आहे. माझ्याकडे २०१६ ची महिंद्राची थार जीप आहे (सीआरडीई, म्हणजे डिझेल इंजिनाची), सेकंडहँड घेतलेली. रोजचं साठ-सत्तर किलोमीटर फिरणं, बहुतेक डांबरावर. पण जून ते ऑक्टोबर हिरडस मावळातल्या वाड्यांवर जाताना पाणंदीत अडकतो, फोर-बाय-फोर टाकूनही. सुट्टीच्या दिवशी हीच गाडी बायको मुलांना घेऊन पुण्याला नेते. एक मेकॅनिक ऑटोमॅटिक लॉकर, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं आपोआप एकत्र बांधणारा लॉक, बसवा म्हणतो. दुसऱ्याकडे स्क्रॅपच्या थारमधून काढलेलं एमएलडी (मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शल) पडून आहे. मित्र म्हणतो, हवेच्या दाबाने बटणावर लागणारा एअर लॉकरच घाल, पुढे-मागे दोन्हीकडे. काय करू?

उत्तर: डॉक्टर, पत्र वाचून मी तुम्हाला फोन केला होता तो एवढ्याचसाठी, की गाडी अडकते म्हणजे नेमकी कशी अडकते? तुम्ही आठवून सांगितलंत: गेल्या पावसाळ्यात नऊ वेळा. त्यातल्या दोन वेळा चाकोऱ्या इतक्या खोल होत्या की गाडी मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. त्या दोन वेळा जगातला कुठलाही लॉक कामाचा नव्हता, फावडंच हवं होतं. उरलेल्या सात वेळा मागचं एक चाक चिखलात किंवा हवेत गरगर फिरत होतं आणि दुसरं ढिम्म. हे दुखणं मात्र लॉकचं.

खडबडीत अंगणात टाकलेली बाज कशी डुगडुगते? दोनच पाय टेकतात, तेही समोरासमोरचे नाही, तिरके. पाणंदीत गाडीचं तेच होतं. आणि साधा डिफ्रन्शल, म्हणजे एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून टेकलेल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, मिळतो. फोर-बाय-फोर टाकलं तरी पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं फिरतात, गाडी जागेवर.

मग सरळ दोन्ही चाकं कायमची जखडून का टाकू नयेत? कारण काटकोनात वळताना बाहेरचं मागचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २ मीटर जास्त चालतं. वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. भोरच्या चौकात, पेट्रोल पंपावर, शाळेच्या फाटकात तुमचा डिफ्रन्शल दिवसभर हे २ मीटर मुकाट्याने सांभाळत असतो. मी तरुणपणी शहाणपणा करून माझ्या एमएम ५४० जीपचा डिफ्रन्शल वेल्ड करून घेतला होता. चिखलात राजा होतो. डांबरावर प्रत्येक वळणाला टायर किंचाळायचे, आणि चौथ्या महिन्यात हाफ शाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा दांडा, तुटला. भाजीच्या पिशव्या घेऊन घरी पायी आलो. त्यानंतर बरेच दिवस घरात माझ्या गाड्यांविषयी कोणी बोलत नव्हतं.

ऑटोमॅटिक लॉकर हा त्या वेल्डिंगचा सुधारलेला भाऊ. वळताना बाहेरचं चाक पुढे पळू लागलं की आतले दात कटकट करत सुटतात, एरवी दोन्ही चाकं बांधलेली. मजबूत, स्वस्त, ना वायर ना हवा. पण कधी बांधायचं आणि कधी सोडायचं हे तो ठरवतो, तुम्ही नाही. वरंधा घाटात पावसात एका मित्राच्या जीपमध्ये मी शेजारी बसलो होतो. उतारावरच्या वळणात त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, लॉकरने आतल्या आत पवित्रा बदलला, आणि जीपचं ढुंगण हातभर बाहेर गेलं. त्याला सवय होती, त्याने सावरलं. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर कमी असलेल्या, आखूड गाडीत हा झटका जास्त जाणवतो, आणि थार आखूडच. जी गाडी घरातली दोन माणसं चालवतात, त्यातलं एक मुलांना मागे बसवून, तिच्यात हे मी बसवून देणार नाही. दुसरीकडून बसवून घेतलंत तर निदान वहिनींना आधी ओल्या मैदानावर दोन तास चालवू द्या.

लिमिटेड स्लिप डिफ्रन्शलचं, म्हणजे एक चाक घसरलं तरी थोडा जोर दुसऱ्याला देणाऱ्याचं, तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. गिअरवाला प्रकार डांबरावर फार गोड चालतो. पण चाक पूर्ण हवेत गेलं की त्याचाही नाइलाज होतो, जोडीला ब्रेक दाबावा लागतो. क्लच प्लेटवाला झिजतो. तुमच्या सात वेळांपैकी चार वेळा तरी चाक हवेत होतं.

आता स्क्रॅपचं एमएलडी. चीज चांगली आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक स्वतःहून लागतो. साधारण ताशी ३० किलोमीटरच्या वर तो लागतच नाही, त्यामुळे घाटात धोका नाही, आणि वहिनींना काही शिकवावं लागत नाही. पण १०० फेऱ्या म्हणजे किती ते बघा. तुमच्या २३५/७० आर १६ टायरचा घेर २.३ मीटर. म्हणजे एक चाक थांबलेलं असताना दुसरं ताशी १४ किलोमीटरच्या वेगाने जागेवर फिरायला हवं, तेव्हा तो जागा होणार. तोवर चिखल उडतो, चाक आणखी रुततं, आणि बांधाच्या कडेवर असाल तर गाडी घसरते. शिवाय त्या ऐन क्षणी घाबरून पाय काढला की काम फसलं. खडकाळ चढाला हे चालून जातं. भिजलेल्या भातखाचराच्या कडेला मला नको वाटतं. तरी पैशाचा प्रश्न असेल तर दुसरी पसंती हीच. मात्र ते तुमच्याच मॉडेलच्या हौसिंगमधून निघालेलं आहे ना, क्राऊनच्या (डिफ्रन्शलच्या मोठ्या गिअरच्या) बोल्टची भोकं आणि एक्सलचे दात जुळतात ना, हे मोजून घ्या. ‘बसेल हो साहेब’ यावर पैसे देऊ नका.

माझं मत: मागच्या एक्सलला, फक्त मागच्या, बटणावर चालणारा लॉक. हवेचा किंवा विजेचा. बटण बंद म्हणजे डिफ्रन्शल अगदी कंपनीसारखा साधा. वहिनींची गाडी वेगळी, तुमची वेगळी, आणि दोन्ही एकच. चाक फिरू लागण्याच्या आधीच तुम्ही तो लावू शकता, सगळी मेख यातच आहे. हवेची नळी फुटली तर लॉक सुटतो, लागून राहत नाही; रोजच्या गाडीला बिघाड असाच असावा. एअर लॉकरच्या कॉम्प्रेसरचा आणखी एक फायदा: पाणंदीच्या तोंडाशी टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबरावर आल्यावर तिथेच भरायची. खरं सांगू, हवा उतरवणं आजपासून सुरू केलंत तर सातातल्या दोन-तीन खेपा लॉकशिवायच सुटतील. आणि हँडब्रेकचे दोन-तीन दात ओढून हळू पाय द्या. तो मागच्याच चाकांना लागतो, फिरणारं चाक आवळलं की थोडा जोर पलीकडे जातो.

पुढे लॉक नको. तुमच्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. लॉक लावून स्टेअरिंग वळवलंत की सगळा ताण सीव्ही जॉइंटवर, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणाऱ्या सांध्यावर, आणि स्टेअरिंग म्हणाल तर रेड्याची शिंगं धरल्यासारखं.

बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: क्राऊन-पिनियनचा प्ले, म्हणजे मोठ्या आणि छोट्या गिअरमधली ढिलाई, कशाने मोजणार? डायल गेज दाखवला तर गाडी सोडा. ‘हाताने कळतो’ म्हणाला तर चहा पिऊन निघा. हवेची नळी सायलेन्सरपासून लांब घ्यायला लावा. पहिलं ऑईल १००० किलोमीटरला बदला, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. बटणावर झाकण हवंच, मुलं आहेत. आणि विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

लॉक लावायचा तो गाडी उभी असताना किंवा रांगत असताना. चाक गरगरत असताना लावलात तर दात जातील. डांबर दिसलं की काढायचा.

प्रश्न: नव्या थारमध्ये मागे एमएलडी आहे. चिखलात खाडकन आवाज येतो. डिफ्रन्शल गेला का? (वाचक, पनवेल)

उत्तर: नाही, लॉक लागला. डांबरावर सरळ जाताना आवाज येत असेल तर मात्र गाडी दाखवा.

प्रश्न: माझ्या फोर्स गुरखा गाडीला पुढे-मागे लॉक आहेत. चिखलातून बाहेर आल्यावर लॉक काढला तरी सुटत नाही. (वाचक, वाई)

उत्तर: एक्सलमध्ये पीळ बसलेला असतो, दात एकमेकांना दाबून धरतात. ओढाताण करू नका. मऊ जमिनीवरच चार-पाच फूट मागे घ्या, स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा, टक आवाज येईल. बहुतेक जण आधी डांबरावर चढतात आणि मग लॉक काढायला बघतात. तिथे पीळ आणखी बसतो.