अडलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. गेल्या वर्षी तिने कोडिंगचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम हौसेने सुरू केला होता. सगळे धडे आधीच चित्रित केलेले होते आणि तिसऱ्याच आठवड्यात तिने तो सोडला. आता दुसरी एक कंपनी कोडिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता अशा एकत्रित अभ्यासक्रमासाठी सारखे फोन करते आहे. शुल्क हप्त्यांनी भरता येईल, असेही सांगते. पैसे भरावेत का? – एक पालक, कराड

उत्तर : मुलीने अभ्यासक्रम सोडला म्हणजे तिला तो विषय झेपत नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नका. या वयातली मुले पुष्कळदा अडल्यावर विचारायला कोणी नसते म्हणून थांबतात. समजा, दोन विषयांचे गुण विचारून त्यांची बेरीज सांगणारा छोटा प्रोग्रॅम तिने पायथन या संगणकीय भाषेत लिहिला, ४५ आणि ३८ हे गुण भरले आणि पडद्यावर ८३ ऐवजी ४५३८ उमटले. संगणकाने चूक झाल्याची कोणतीही सूचना दिलेली नाही, त्यामुळे चूक शोधायची कुठे हेच तिला कळणार नाही. टंकलेला मजकूर पायथन अक्षरे म्हणूनच स्वीकारतो आणि त्याचे संख्येत रूपांतर करायला वेगळे सांगावे लागते, ही दोन मिनिटांत समजणारी गोष्ट आहे. पण ती त्या क्षणी सांगणारे कोणी नसेल, तर मूल ‘मला येतच नाही’ असे धरून बसते. (रूपांतर करताना पायथन देवनागरी अंकही ओळखतो, हे मुलांना दाखवले की त्यांचे डोळे चमकतात, असा माझा अनुभव आहे.)

म्हणून अभ्यासक्रम निवडताना आधी त्यातील आधाराची व्यवस्था पाहावी. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ‘कोड इन प्लेस’ हा पायथनचा विनामूल्य वर्ग घेतला, तेव्हा सुमारे १०,००० शिकणाऱ्यांसाठी सुमारे ९०० स्वयंसेवक शिक्षक नेमले होते. म्हणजे प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला साधारण अकरा शिकणारे. शिक्षण ऑनलाइन असले तरी माणसाची गरज संपत नाही, हे त्या आखणीमागचे गृहीतक मला मोलाचे वाटते.

आपल्या मुलीसाठी मी सुरुवात आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’पासून करीन. तेथे अनेक संगणकीय विषयांचे साधारण दहा मिनिटांचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात, आणि धड्याच्या कोणत्या मिनिटाला अडले हे नोंदवून प्रश्न विचारता येतो. हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस फिफ्टी’ हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा ऑनलाइन अभ्यासक्रमही उत्तम आणि विनामूल्य आहे, मात्र त्याचा वेग महाविद्यालयीन आहे. तो दहावीनंतर पाहावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेची घाई करू नये, पण तिची ओळख आजही होऊ शकते. गूगलच्या ‘टीचेबल मशीन’ या विनामूल्य साधनात आंब्याच्या आणि फणसाच्या पानांची काही छायाचित्रे देऊन संगणकाला ती ओळखायला शिकवता येते. सगळी छायाचित्रे दुपारच्या उन्हात काढली आणि चाचणी संध्याकाळी घेतली, तर अंदाज चुकू शकतो. तसे झाले की यंत्र केवळ दिलेल्या उदाहरणांवरूनच शिकते, हे तिला कोणत्याही व्याख्येशिवाय उमगेल. त्यापुढच्या वाटचालीसाठी नववीच्या गणितातील सांख्यिकी आणि दहावीतील संभाव्यता मनापासून शिकणे आवश्यक आहे, आणि ते तर शाळेतच शिकवले जाते.

शुल्काचे हप्ते म्हणजे काही वेळा आपल्या नावावर काढलेले कर्ज असते; सही करण्यापूर्वी करारपत्र आणि पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी मागून घ्याव्यात. तरीही वर्ग लावावासा वाटल्यास आधी एक विनामूल्य तास मागा आणि मुलीला ४५३८ दाखवणारा तो प्रोग्रॅम शिक्षकांपुढे ठेवू द्या. त्यांनी दुरुस्त केलेली ओळ लगेच लिहून दिली, तर पैसे भरू नका. ‘तू भरलेले ४५ संगणकाला काय वाटले असेल?’ असे विचारून ते तिच्या उत्तराची वाट पाहत थांबले, तर त्या वर्गाचा जरूर विचार करा.