सिस्टर निवडताना

प्रिय डॉक्टर,

तालुक्याच्या ट्रस्ट हॉस्पिटलची जबाबदारी तू घेतलीस, याचा मनापासून आनंद झाला. आता सिस्टर्सच्या जागा भरायच्या आहेत आणि विश्वस्त म्हणताहेत, मार्क बघा नि घ्या. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तर तपासच, तिथे तडजोड नाही. पण मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो हा, की निवडणार कोण?

नगर जिल्ह्यातल्या जामखेडचा अनुभव यासाठी नीट समजून घे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे खेड्यांसाठी आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा गावोगावी एएनएम, म्हणजे शिकलेल्या सहायक परिचारिका, ठेवायचा विचार होता. ते जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी खेड्यात रुळेना आणि बायाही तिच्यापाशी मोकळ्या होईनात. मग गावानंच आपल्यातली बाई निवडून द्यायची, असं ठरलं. त्यातल्या अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येकजणी दलित वस्तीतल्या. जामखेडला येऊन त्या शिकायच्या, एकत्र राहायच्या आणि शिकलेलं गावात जाऊन करायच्या: बाळंतपणं, मुलांची वजनं, जुलाब झालेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी. डॉक्टरांनी आपल्याजवळचं ज्ञान हातचं न राखता त्यांना दिलं. माझ्या लेखी त्यांचं नेतृत्व ते हेच.

वॉर्ड म्हणजे गाव नव्हे, तिथे शिकलेलीच सिस्टर हवी. तरीही मुलाखतीला इनचार्ज सिस्टरला शेजारी बसव, आणि एखाद्या जुन्या मावशींनाही. नव्या मुलीबरोबर नाइट ड्युटी त्यांना करायची आहे, विश्वस्तांना नाही. शक्य असेल तर उमेदवाराला अर्धा दिवस वॉर्डात नुसतं थांबू दे. म्हाताऱ्या पेशंटशी ती कशी बोलते, ते मावशी अचूक सांगतील.

आणि एक प्रश्न प्रत्येकीला विचार: डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला, तर काय करशील? ‘इंजेक्शन थांबवून आधी विचारेन’ असं जी न बिचकता म्हणेल, ती घे. मार्क थोडे कमी असले तरी घे.

मात्र अशी मुलगी तुझ्याकडे टिकेल की नाही, हे तुझ्या वागण्यावर आहे. रात्री दोनला तिनं फोन केला, तू धावत गेलास आणि बाळंतिणीचं बीपी ठीकच निघालं, तर सगळ्यांसमोर म्हण, ‘बरं झालं, बोलावलंत.’ त्या वेळी कुणी खेकसलं, तर पुढच्या खेपेला रक्तस्राव सुरू झाला तरी फोन पहाटेच येईल. हे तुझ्या कन्सल्टंट मंडळींनाही स्पष्ट सांग, वयानं मोठे असले तरी. ते सांगणं अवघड आहे, पण तुझ्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही.

पगार वेळेवर, क्वार्टर्सला धड कडी आणि पाणी, ड्युटीचा तक्ता महिनाभर आधी. यावर जास्त लिहीत नाही, तुला कळतंच.

जाहिरात देण्याआधी लेबर रूमच्या सिस्टर्सबरोबर बस आणि आधीच्या मुली का सोडून गेल्या, ते विचार. त्या काय म्हणाल्या, ते मला कळव. मग जाहिरातीचा मजकूर मिळून करू.

तुझा,
सर