वॉर्डात पहिल्यांदा जाताना

इस्पितळात रुग्णांना भेटून प्रार्थना करणाऱ्या आपल्या भेटगटात तू आलीस, बरं वाटलं. घरी वडिलांचं डायलिसिस, वर हप्ते; अशात ‘मी कसली दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणार’ असं वाटतंच. वाटू दे. बायबलमधल्या प्रेषित पौलानं देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवलं. काटा राहिला, कामही चालू राहिलं. पंडिता रमाबाईंचे पती लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये पटकीनं गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून सांभाळणाऱ्या त्याच.

वॉर्डात गेलीस की आधी विचार, ‘प्रार्थना केली तर चालेल का?’ नको म्हणाले तर नको. पाण्याची बाटली भरून दे. हो म्हणाले तर दोन मिनिटांत आटप, हळू आवाजात. शेजारच्या खाटेवरचा झोपलेला असतो. ‘देवाची इच्छा’ हे तर बोलूच नकोस, आणि बरं होण्याची हमी देणारी आपण कोण? गोळ्या-औषधांत लुडबुड नको. सोबत बसलेल्या नातेवाइकाकडे बघ. सकाळपासून चहावर असतो बिचारा. त्याला जेवायला पाठव आणि तेवढा वेळ तू खाटेपाशी बस. माझ्या मते निम्मी सेवा इथेच होते.

कुणाचा आजार नाव घेऊन प्रार्थनासभेत सांगायचा नाही, विचारल्याशिवाय.

स्वतःसाठी शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाच. त्यात तक्रारच आहे, चालते.

डायलिसिसच्या दिवशी येऊ नकोस, सरळ कळव. शनिवार जमेल का ते चर्चच्या पाळकांना सांग, मी बरोबर असेन.