मॅकबेथवरचा कुठला चित्रपट बघावा? डंकनच्या खुनापाशी थांबून बघा

तुम्ही विचारलंय की शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ कॉलेजात अभ्यासाला होतं, आता त्यावरचे चित्रपट बघायचेत. तर सुरुवात कुठून करावी आणि मूळ नाटकाला सगळ्यांत धरून कुठला?

संवादांना धरून म्हणत असाल तर रोमान पोलान्स्कीचा (१९७१) किंवा जोएल कोएनचा (२०२१). काटछाट दोघांनीही केलीय, पण पात्रांच्या तोंडी शब्द शेक्सपिअरचेच आहेत. मला मात्र हे नाटक सगळ्यांत जास्त भेटलं ते शेक्सपिअरची एकही ओळ नसलेल्या जपानी चित्रपटात, अकिरा कुरोसावाच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये (१९५७).

का ते सांगतो. दुसऱ्या अंकात सरदार मॅकबेथ गादीसाठी डंकन राजाचा खून करतो, पण आपल्यासमोर नाही. आपल्याला दिसते ती बाहेर कानोसा घेणारी त्याची बायको, लेडी मॅकबेथ. घुबड ओरडतं तरी ती दचकते. मग मॅकबेथ येतो, तोही सुरे तिथेच ठेवून यायचं विसरून, रक्ताळलेल्या हातांत घेऊन. ते परत ठेवायला शेवटी तिलाच जावं लागतं आणि तेवढ्यात दरवाजावर धडाधड थापा पडतात. सगळी भीती कानांवर बेतलेली. चित्रपटवाल्याला मात्र कॅमेरा थेट राजाच्या खोलीत नेता येतो. तो नेतो का, आणि नेला तर आत काय दाखवतो, यावरून त्याला नाटकात काय सापडलं ते कळतं.

पोलान्स्की बिनदिक्कत आत जातो. सुरा हातात घेऊन मॅकबेथ घुटमळत असतानाच डंकन डोळे उघडतो, मग नुसती भोसकाभोसकी, आणि मुकुट जमिनीवर पडतो. बघायला ओंगळ वाटतं, पण ते तसंच असायला हवं. १९६९ मध्ये पोलान्स्कीच्या गरोदर पत्नीचा, अभिनेत्री शॅरन टेटचा, घरात घुसलेल्या लोकांनी खून केला होता. त्यानंतर त्याने केलेला हा पहिला चित्रपट. हे ठाऊक असलं की पुढे मॅकबेथच्या विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांवरचा हल्ला बघवत नाही.

कोएनचा प्रकार वेगळा. काळा-पांढरा, जवळपास चौकोनी पडदा, सगळं स्टुडिओत उभारलेलं. ‘हा माझ्यासमोर दिसतो तो सुराच का?’ हे प्रसिद्ध स्वगत म्हणत डेन्झेल वॉशिंग्टन लांबलचक ओवरीतून चालत येतो आणि जवळ गेल्यावर दिसतं की तो सुरा म्हणजे डंकनच्या दाराची मूठ आहे. कल्पना अफलातून! पण सगळंच इतकं रेखीव आहे की आतला खूनही मला सजवून ठेवल्यासारखा वाटला. मॅकबेथला तो राजा होणार असं भविष्य सांगणाऱ्या तिन्ही चेटकिणी मात्र कॅथरिन हंटरने एकटीने उभ्या केल्यात, तेवढ्यासाठी तरी हा चित्रपट बघाच.

कुरोसावा खोलीत जातच नाही. त्याची लेडी मॅकबेथ म्हणजे असाजी (इसुझु यामादा). चेहरा नोह या पारंपरिक जपानी नाटकातल्या मुखवट्यासारखा, पापणीही लवत नाही. पहारेकऱ्यांसाठी गुंगीचं मद्य आणायला ती उठते, मागच्या दारातल्या काळोखात दिसेनाशी होते आणि कुंभ घेऊन त्याच काळोखातून परत येते. आवाज फक्त रेशमी वस्त्राच्या सळसळीचा. मग झोपलेल्या पहारेकऱ्याचा भाला आणून ती नवऱ्याच्या हातात देते. तो जातो, कॅमेरा तिच्यापाशीच राहतो. ती थांबलेली असते त्याच खोलीत आधी एका फितुराने जीव दिलेला असतो आणि त्याच्या रक्ताचा डाग काही केल्या निघालेला नसतो. नवरा परत येतो तो बधिर होऊन. भाल्यावरची मूठ सुटत नाही, ती त्याच्या हातांतून भाला ओढून काढते. नाटकातले सुरे, रक्त, कानोसा, सगळं इथे आहे, फक्त बोलणं जवळजवळ नाही. शेवटच्या बाणांच्या वर्षावाबद्दल सगळेच बोलतात (नायक झालेल्या तोशिरो मिफुनेवर खरोखरचे बाण सोडले होते, त्याच्या चेहऱ्यावरची भीती काही सगळी अभिनयाची नाही), पण माझ्या लेखी चित्रपट इथेच जिंकतो.

आता ‘मकबूल’. विशाल भारद्वाजने २००३ मध्ये हे सगळं मुंबईच्या अंडरवर्ल्डमध्ये आणलं. आपल्या रंगभूमीला हे नाटक आपलंसं करून घ्यायची सवय जुनीच, शि. म. परांजप्यांचं ‘मानाजीराव’ किंवा शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ आठवा. भारद्वाजचा खरा बदल गुन्हेगारी हा नाही. त्याची निम्मी (तब्बू) मकबूलची बायको नाहीच, ती अब्बाजीची, म्हणजे डंकनच्या जागच्या डॉनची, रखेल आहे. म्हणजे ज्याला मारायचं त्याच्याच बिछान्यात ती झोपलेली. मकबूल गोळी झाडतो तेव्हा रक्त उडतं ते तिच्या चेहऱ्यावर. हात धुऊनही डाग जात नाही, ही नाटकातली पुढची गोष्ट त्याने खुनाच्या क्षणातच पेरून ठेवली. सत्तेची हाव मात्र इथे थोडी मागे पडते आणि प्रेम-मत्सर पुढे येतात. काहींना ते खटकतं, मला नाही. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी हे चेटकिणींच्या जागचे दोन पोलीस कुंडल्या मांडतात, आणि नुसतं भविष्य सांगून थांबत नाहीत, ते खरं व्हावं म्हणून हातभारही लावतात.

मल्याळममधला ‘जोजी’ (२०२१) नाटकापासून बराच लांब आहे, तिथे बापाला मारायला गोळ्या पुरतात, त्याही औषधाच्या. पण त्यात एक जागा अशी आहे की मी थक्क झालो. बाप गेल्यावर जोजी खोलीत बसलाय, आणि त्याची वहिनी त्याला सांगते, मास्क लावून खाली ये. करोनाचा काळ आहे, वाक्य अगदी साधं. खोटा चेहरा चढवायला सांगणारी लेडी मॅकबेथ याहून चपखल मला दुसरीकडे दिसली नाही.

जस्टिन कर्झेलचा २०१५ चा वेळ उरला तरच बघा. लढाया देखण्या आहेत, संवाद मात्र कुजबुजीत विरतात.

तेव्हा आधी ‘मकबूल’ बघा, भाषेची अडचण नाही. मग मूळ नाटकातला दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश परत वाचून काढा, फार लांब नाही. त्यानंतर कुरोसावा लावा, शक्यतो रात्री आणि हेडफोन घालून, नाहीतर ती सळसळ ऐकूच येणार नाही.