पुढच्या खेपेला फक्त पाणी बदल

प्रिय बाळा,

शुक्रवारच्या बाजारात तुझी आई भेटली. म्हणाली, "पोरगं दिवसभर मोबाइलवर अर्ज भरते, अन् सांजच्याला चुलीपाशी काई ना काई करत रायते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. म्हणून हे पत्र.

स्वयंपाक सोडू नकोस. डी.एड. झाल्यावर मीही दोन वर्षं घरी होतो, पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून. अर्जाचं काय झालं ते महिनोन्‌महिने कळत नसे. भाकरी मात्र तव्यावर पडली की लगेच सांगायची, जमली की नाही. त्यानं मला फार सावरलं.

पण सकाळचे तीन तास अर्जांचे. नकार आला की मन रमवायला पोरं दुसऱ्या कामात दडून बसतात, हे मी पाहिलं आहे. त्या दिवसाचा अर्ज गेल्यावरच कांदा चिरायला घे.

आता त्या उपम्यासारख्या उकडपेंडीचं. कणकेऐवजी ज्वारीचं पीठ घेतलंस आणि त्याचा गिचका झाला म्हणे. ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं. भाकरीला आपण गरम पाणी घेतो ते त्यासाठीच. त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ एकमेकाला धरतं. उकडपेंडीत हाच चिकटपणा नडतो. तेव्हा एक वाटी पीठ फोडणीत मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाज. ताकपाणी एकदम ओतू नकोस, हबके मारत जा आणि मग झाकण ठेव. पुन्हा बिघडली तर पुढच्या खेपेला फक्त पाण्याचं माप बदल. पीठ, तेल, आच तीच ठेव. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कशात होती ते हाती लागत नाही. बायोडाटाही मी असाच दुरुस्त करायला सांगेन.

हे सगळं वहीत लिही, तारखेसकट. व्हिडिओत इडलीचं पीठ 8 ते 10 तास आंबवायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ते त्याच्या कितीतरी आधी आंबट होतं. डिसेंबरच्या थंडीत तेच पीठ सकाळपर्यंत फुगत नाही. आपल्या गावच्या हवेचा हिशेब तुझ्याच वहीत सापडेल.

प्रयोगासाठी दुकानातून सामान आणू नकोस. घरात ज्वारी आहे, तूर आहे, जवस आहे, परसात सांबार म्हणजे कोथिंबीर आहे. जवसाची चटणी मात्र थोडी थोडीच कूट. त्यात तेल भरपूर, कुटल्यावर लवकर खवट होतं.

शेजारीपाजारी बोलतील, पोरगा चुलीशी बसला म्हणून. बोलू दे. वेचणीच्या दिवसांत तुझी आई सकाळपासून कापसात वाकलेली असते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिला गरम चून-भाकर तयार मिळते. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं.

एक काम कर. तुझ्या आजीला विचार, ती कण्यांत ताक शिजताना घालायची की खाली उतरवल्यावर. तिच्या हातच्या कण्या मी खाल्ल्या आहेत, चव अजून जिभेवर आहे. ती सांगेल तसं लिहून घे आणि रविवारी वही घेऊन ये. सोबत बायोडाटाही आण, दोन्ही बघू.

तुझे गुरुजी