१२८ एमबी रॅमच्या बोर्डवर रॅमडिस्क किती मोठी ठेवावी?

तुमची अडचण मला समजली ती अशी. एआरएम प्रोसेसरचा लहान बोर्ड, १२८ एमबी रॅम. यू-बूट हा बूटलोडर आधी कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि जीझिपने चेपलेली ईएक्सटी२ फाइल सिस्टिमची रॅमडिस्क इमेज, म्हणजे रॅममध्येच डिस्क म्हणून वापरायची प्रत, मेमरीत आणतं. इमेज १४ एमबीची २४ एमबी झाली आणि कर्नल पॅनिक होऊ लागलं, म्हणजे बूट होतानाच थांबू लागलं. बूट आर्ग्युमेंटमध्ये (कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचनांत) रॅमडिस्क साइज ६५५३६ किलोबाइट दिल्यावर बोर्ड सुरू झाला, पण डीएफमध्ये (डिस्कची जागा दाखवणाऱ्या आज्ञेत) अजून २४ एमबीच दिसतात आणि लॉग साठून दोन-तीन दिवसांत डिस्क भरते. मग तुम्ही इमेजच ६४ एमबीची केलीत, तर ओओएम किलर (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा भाग) तुमचा मुख्य प्रोग्रॅम मारतो. आता योग्य आकडा कोणता, हा प्रश्न.

इमेज परत २४ एमबीवर आणा, जमलं तर त्याहून लहान करा. लॉग आणि तात्पुरत्या फाइल रॅमडिस्कमधून बाहेर काढून मर्यादा घातलेल्या टीएमपीएफएसवर (रॅममध्ये राहणाऱ्या फाइल सिस्टिमवर) न्या. आणि पुढच्या रिलीजपर्यंत ही ईएक्सटी२ रॅमडिस्कची पद्धतच सोडून द्या. रॅमडिस्कचा आकडा वाढवत राहून हा प्रश्न सुटणार नाही. का, ते सांगतो, कारण तुमच्या तिन्ही लक्षणांचं मूळ एकाच गैरसमजात आहे: तुम्ही ज्याला एक मर्यादा समजताय त्या प्रत्यक्षात तीन आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी आपोआप काही संबंध नसतो.

पहिली कर्नलची. रॅमडिस्क हे ब्लॉक डिव्हाइस (कर्नलला डिस्कसारखं दिसणारं साधन) कमाल किती मोठं असू शकतं, ते कर्नल कॉन्फिगमध्ये ठरतं. तिथला मूळ आकडा ४०९६, एकक किलोबाइट, म्हणजे ४ एमबी. बऱ्याच एआरएम बोर्डांच्या डीफॉल्ट कॉन्फिगमध्ये तो वाढवून ८१९२ किंवा १६३८४ केलेला असतो. तुमची १४ एमबीची इमेज चालत होती आणि २४ ची अडली, त्यावरून तुमच्याकडे बहुधा १६३८४ असावा. बूट आर्ग्युमेंटमधला रॅमडिस्क साइज हाच आकडा बदलतो. लक्षात ठेवा की रॅमडिस्क ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेर वेगळा, बांधला असेल तर रूटसाठी (मूळ फाइल सिस्टिमसाठी) तो उपयोगाचा नाही, तो कर्नलमध्येच असावा लागतो.

इथे सिरियल कन्सोलवरचे संदेश नीट वाचायला हवेत. इमेज कॉम्प्रेस केलेली नसेल तर कर्नल सरळ ‘इमेज टू बिग’ म्हणतं आणि दोन्ही आकडे कंसात देतं. जीझिप इमेजच्या बाबतीत मात्र तसं होत नाही, कारण उलगडल्यावर ती किती मोठी होणार हे कर्नल आधी तपासत नाही. उलगडता उलगडता डिव्हाइस संपलं की ‘इनकम्प्लीट राइट’ येतं आणि पुढे अननोन-ब्लॉक (१,०) वर रूट माउंट करता येत नाही म्हणून पॅनिक. त्या कंसातला १ म्हणजे रॅमडिस्कचा मेजर नंबर, डिव्हाइसचा प्रकार सांगणारा क्रमांक. तो दिसला म्हणजे कर्नल बरोबर दारात उभं आहे, फक्त आत फाइल सिस्टिम धड नाही.

‘इनकम्प्लीट राइट’च्या ऐवजी सीआरसीची (डेटा बिघडला का ते पाहणाऱ्या तपासणीची) तक्रार दिसली तर तो वेगळाच आजार. तेव्हा रॅमडिस्क साइज कितीही वाढवा, फरक पडणार नाही. याची दोन कारणं मी वारंवार पाहिली आहेत. एक, यू-बूटच्या स्क्रिप्टमध्ये फ्लॅशवरून किती बाइट वाचायचे तो आकडा जुन्या इमेजच्या मापाने लिहिलेला असतो. इमेज वाढली, आकडा तोच राहिला, शेपूट फ्लॅशमध्येच राहिलं. दुसरं, इमेज जिथे लोड केली त्या पत्त्यावर कर्नल स्वतः उलगडताना चढून बसतं. कर्नलचा, डिव्हाइस ट्रीचा (बोर्डवरच्या भागांच्या वर्णनाच्या फाइलचा) आणि रॅमडिस्कचा पत्ता कागदावर मांडा, प्रत्येकापुढे उलगडल्यानंतरचा आकार लिहा आणि कुठे एकमेकांवर येतात का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे लोक आठवडेच्या आठवडे कर्नल पुन्हा पुन्हा बांधत बसतात.

दुसरी मर्यादा फाइल सिस्टिमची. ईएक्सटी२ किती ब्लॉकची हे इमेज बनवतानाच ठरतं. डीडीने (डेटा जसाच्या तसा कॉपी करणाऱ्या आज्ञेने) २४ एमबीची फाइल तयार केली आणि तिच्यावर ईएक्सटी२ घातली की ती २४ एमबीचीच. बाहेर डिव्हाइस ६४ एमबीचं झालं तरी तिला त्याचा पत्ता नसतो. प्लॉट वाढला म्हणून त्यावरचं घर आपोआप वाढत नाही, तसंच. म्हणून तुमच्या डीएफमध्ये २४ दिसत राहिले, कर्नलने तुमचं ऐकलं नाही असं नाही.

इथेच दोन गोष्टी पाहून घ्या. ईएक्सटी२ डीफॉल्टने ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. रॅमडिस्कमध्ये तिचा काही उपयोग नाही, इमेज बनवताना ती शून्य करा. आणि ‘नो स्पेस लेफ्ट’ आलं, पण डीएफ मोकळी जागा दाखवत असेल, तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपले आहेत. लहान लहान फाइल भरपूर असल्या की असं होतं. डीएफला आयनोडचा पर्याय देऊन लगेच खात्री करता येते.

तिसरी मर्यादा प्रत्यक्ष रॅमची, आणि खरी हीच. बाकीच्या दोन तुम्ही आकडा लिहून बदलू शकता, ही नाही. तुमची ६४ एमबीची इमेज इथेच फसली, आणि कशी फसली ते पाहण्यासारखं आहे. रॅमडिस्क ड्रायव्हर मेमरी आधी राखून ठेवत नाही, एखाद्या पानावर (मेमरीच्या ठरलेल्या मापाच्या तुकड्यावर) पहिल्यांदा काही लिहिलं गेलं की ते पान घेतो. त्यामुळे नुसतं ६५५३६ लिहिल्याने काही खर्च झाला नव्हता. पण तुम्ही इमेज ६४ एमबीची केलीत, तिच्यात जवळपास ४० एमबी शून्यं होती. जीझिपने ती शून्यं चेपून फाइल लहान ठेवली, म्हणून फ्लॅशवर काहीच जाणवलं नाही. बूट होताना कर्नलने ती सगळी शून्यं इमानेइतबारे उलगडली आणि रॅमडिस्कवर लिहिली. शून्य लिहिणं हेही लिहिणंच. म्हणजे एकही लॉग लिहिला जाण्याआधी, पहिल्याच मिनिटाला, १२८ पैकी ६४ एमबी गेले होते. आणि ते परत मिळत नाहीत: फाइल पुसली तर ईएक्सटी२ आपल्या नकाशात ब्लॉक मोकळा म्हणून लिहून ठेवते, पण खालच्या रॅमडिस्क ड्रायव्हरला ती ते कळवत नाही.

याच्यावर आणखी एक भार असतो, जो बऱ्याच जणांच्या हिशेबात नसतो. रॅमडिस्क हे कर्नलच्या दृष्टीने ब्लॉक डिव्हाइस, त्यामुळे तिच्यातली फाइल वाचली की तिची प्रत पेज कॅशमध्ये (वाचलेल्या फाइली कर्नल ठेवतं त्या मेमरीत) येते. तुमची सी लायब्ररी, तुमचा प्रोग्रॅम, सगळं रॅममध्ये दोनदा: एकदा रॅमडिस्कच्या पानांत, एकदा कॅशमध्ये. कॅश कर्नल गरजेला सोडून देऊ शकतं, रॅमडिस्कची पानं सोडू शकत नाही. त्यातून मेमइन्फोमध्ये (कर्नलच्या मेमरीच्या हिशेबात) रॅमडिस्कच्या पानांसाठी वेगळी ओळही नाही, त्यामुळे मेमरी गेली कुठे हे शोधताना माणूस आपल्याच प्रोग्रॅमवर संशय घेतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये कदाचित काहीही गळती नसेल. तो त्या वेळी सगळ्यात मोठा होता, म्हणून ओओएम किलरने त्याला निवडला.

आता करायचं काय. आज लगेच करता येण्यासारखं असं: इमेज २४ एमबी, रॅमडिस्क साइज २४५७६ किंवा किंचित जास्त. बूट झाल्या झाल्या लॉगच्या आणि टेंपच्या डिरेक्टरीवर टीएमपीएफएस माउंट करा, लॉगला ४ एमबी, टेंपला ८ एमबी, साइज स्पष्ट लिहून. टीएमपीएफएसमध्ये वापरलेलीच पानं खर्ची पडतात, फाइल पुसली की मेमरी लगेच मोकळी होते, दुहेरी प्रत नसते, आणि वापर मेमइन्फोच्या ‘शेमेम’ ओळीत दिसतो. साइज लिहायला विसरू नका, कारण न लिहिल्यास प्रत्येक टीएमपीएफएसला निम्म्या रॅमची मुभा मिळते. अशा दोन असल्या की कागदावर पूर्ण रॅम वाटली गेली. कर्नलच्या दस्तऐवजात याबद्दल स्पष्ट इशारा आहे: टीएमपीएफएस वाजवीपेक्षा मोठी ठेवली तर यंत्र अडकून बसेल, कारण ओओएम किलरला ती मेमरी सोडवता येत नाही.

लॉगचं मूळही आवरा. बिझीबॉक्सचा (लहान बोर्डांवरच्या लिनक्स आज्ञांच्या संचाचा) सिसलॉग, म्हणजे लॉग लिहिणारा प्रोग्रॅम, डीफॉल्टने २०० किलोबाइटला फाइल बदलतो आणि एक जुनी प्रत ठेवतो, तो सहसा त्रास देत नाही. त्रास देतो तो स्वतःची लॉग फाइल स्वतः उघडून लिहिणारा प्रोग्रॅम, कारण सिसलॉगचे नियम त्याला लागूच होत नाहीत. दोन-तीन दिवसांत डिस्क भरते म्हणताय, म्हणजे मला तरी तोच वाटतो.

पुढच्या रिलीजसाठी माझा आग्रह इनिटरॅमएफएसचा, म्हणजे रूटच्या फाइल थेट रॅममधल्या फाइल सिस्टिममध्ये उलगडण्याचा. २.६ कर्नलपासून तो आहे. यात ब्लॉक डिव्हाइस नाही, ईएक्सटी२ नाही, रॅमडिस्क साइजही नाही. रूटची डिरेक्टरी सीपीआयओ या संग्रह-फाइलच्या न्यूसी फॉरमॅटमध्ये बांधायची, जीझिप करायची, यू-बूटमधून तशीच द्यायची. जेवढ्या फाइल तेवढीच रॅम. जुन्या इनिटआरडी पद्धतीबद्दल काही कर्नलमध्ये एक इशारा होता, की हा आधार २०२१ मध्ये काढला जाईल. ते वर्ष उलटल्यावरही तो आधार टिकून राहिला, पण नव्या उत्पादनाचा पाया त्यावर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

बदल करताना तीन ठिकाणी अडाल. रूटमध्ये सगळ्यात वर इनिट नावाची चालवता येणारी फाइल हवी, नाहीतर कर्नल जुन्या वाटेने रूट शोधायला जातं. डेव्ह डिरेक्टरीत कन्सोलचा नोड आधीच असू द्या, कारण इनिटरॅमएफएसमध्ये डेव्हटीएमपीएफएस (डिव्हाइसचे नोड आपोआप बनवणारी फाइल सिस्टिम) कर्नल आपणहून माउंट करत नाही आणि तुमच्यासमोर मुका कन्सोल राहतो. आणि बूट आर्ग्युमेंटमधलं जुनं ‘रूट=’ काढून टाका. ते राहिलं तर रूट टीएमपीएफएसऐवजी साध्या रॅमएफएसवर उभं राहतं, आणि रॅमएफएसला कोणतीच मर्यादा नसते. वाट चुकलेली एक लॉग फाइल मग पूर्ण रॅम खाऊ शकते. उलट बाजूने, टीएमपीएफएसवरच्या रूटला निम्म्या रॅमची मर्यादा असते आणि उलगडताना चेपलेली इमेजही मेमरीत असते. तुमच्या २४ एमबीला हे सहज पुरेल, इमेज ५० च्या पुढे गेली तर नाही.

इमेज तशी वाढणारच असेल, तर सगळं रॅममध्ये ठेवायचा हट्ट सोडा. रूट फ्लॅशवर स्क्वॅशएफएसमध्ये (चेपलेल्या फाइल सिस्टिममध्ये), फक्त वाचण्यासाठी, आणि लिहिण्यासाठी तेवढी टीएमपीएफएस. वापरात नसलेल्या फाइल मग रॅम अडवत नाहीत. नँड फ्लॅश असेल तर मध्ये यूबीआय ब्लॉकचा (नँडला ब्लॉक डिव्हाइससारखं दाखवणारा) थर लागेल, ईएमएमसीवर थेट चालतं. मी गावोगावी बसवलेल्या मीटर-गेटवेंवर काम करतो. तिथे एक बोर्ड अडकला तर माणूस दोन तालुके ओलांडून जातो आणि तोवर तिकडचे आकडे येणं बंद असतं. म्हणून जास्तीत जास्त रॅम मुख्य प्रोग्रॅमसाठी मोकळी ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

कोणताही मार्ग घ्या, बोर्ड बाहेर पाठवण्याआधी एक चाचणी जरूर करा. प्रोग्रॅम पूर्ण भारावर चालू ठेवा, मग डीडीने लॉग आणि टेंप दोन्ही टीएमपीएफएस मुद्दाम काठोकाठ भरा. मेमइन्फोमधली ‘मेमअव्हेलेबल’ ओळ बघा (कर्नल ३.१४ किंवा नंतरचं असेल तर ती मिळेल). मी तिथे किमान २० एमबी उरावेत असं धरतो. त्यानंतर प्रोग्रॅमला लॉग लिहायला लावा आणि जागा नसल्याचा एरर आल्यावर तो काम चालू ठेवतो की बंद पडतो, ते तपासा. बंद पडत असेल तर आधी ते दुरुस्त करा, साइजच्या आकड्यांना नंतर हात लावा.